बेळगाव भागात पहिली ईव्ही घेताय? चार्जिंगचा हिशेब आधी मांडा

शोरूममध्ये 'किलोमीटरला चार आणे' असं छातीठोक सांगतात. ते खोटं नसतं. फक्त तो आकडा स्कूटरचा असतो, घरच्या करंटवरचा असतो आणि लाईटबिलातली बाकीची कलमं झाकून सांगितलेला असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात गाडी घेणाऱ्याला तीन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात: गृहज्योती (राज्य सरकारची मोफत घरगुती विजेची योजना), घाट आणि हायवेवरचा फास्ट चार्जर. पुण्या-बंगळूरच्या माणसाने केलेले व्हिडिओ पाहून गाडी घ्यायला निघालात, तर या तिन्ही गोष्टी त्यात सापडणार नाहीत.

राज्याचं चित्र आधी एका दमात सांगतो. ईव्हीसाठी स्वतंत्र धोरण जाहीर करणारं पहिलं राज्य कर्नाटक, 2017 साली. सार्वजनिक चार्जरच्या संख्येतही कर्नाटक देशात पुढे. 2024 मध्ये हा आकडा पाच हजारांच्या वर होता. पण त्यातले बहुतेक सगळे बंगळूर शहरात. आपल्या वाट्याला येतात ते बेळगाव शहरातले आणि राष्ट्रीय महामार्ग 48 च्या कडेचे. हायवे सोडून आत वळलात की घरचं सॉकेट हाच तुमचा पंप. म्हणून सुरुवात घरापासून.

पायरी 1 : हेस्कॉमचं बिल घेऊन बसा

हेस्कॉम म्हणजे आपल्या भागाची वीज कंपनी. तिचं बिल कानडीत असलं तरी आकडे वाचता येतात. चार गोष्टींखाली पेनाने रेघ मारा: आर. आर. नंबर (तुमच्या कनेक्शनचा क्रमांक), मंजूर लोड (एका वेळी किती वीज ओढायची परवानगी) किती किलोवॅट, या महिन्याचे युनिट, आणि गृहज्योतीची वजावट. कानडी येत नसेल तर शेजारच्या शाळकरी पोराला विचारा, दोन मिनिटांत सांगेल.

गृहज्योतीमुळे आपल्याकडे निम्म्या घरांना 'युनिटचा दर काय' हेच आठवत नाही, कारण बिल शून्य येतं. जुलै 2023 पासूनची ही योजना अशी चालते: तुमच्या घराचा 2022-23 मधला सरासरी वापर धरायचा, त्यावर थोडी सवलत द्यायची (साधारण 10 टक्के; कमी वापराच्या घरांना 2024 च्या सुरुवातीपासून 10 युनिट), आणि तेवढे युनिट मोफत. तुमच्या हक्काच्या युनिटांपेक्षा जास्त वापरलंत, पण 200 च्या आत राहिलात, तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे. 200 ओलांडले की सूट गेली, पहिल्या युनिटापासून पूर्ण बिल.

ईव्हीचा खरा खर्च या 200 च्या रेघेवर ठरतो. उदाहरण घेऊन मांडू.

एका घराची सरासरी 85 युनिट. म्हणजे साधारण 95 युनिट मोफत, बिल शून्य. घरगुती युनिट सध्या सहा रुपयांच्या आसपास आहे. त्यावर एप्रिल 2025 पासून पेन्शन-ग्रॅच्युइटीचा 36 पैसे अधिभार आला, शिवाय वीज कर. सगळं धरून आपण सात रुपये पकडू.

या घरात स्कूटर आली. रोज 40 किलोमीटर, चार्जिंगमधली गळती धरून रोज दीड युनिट, महिन्याला 45. एकूण वापर 130. वरच्या 35 युनिटांचे साधारण 245 रुपये. महिन्याचे 1,200 किलोमीटर झाले, म्हणजे किलोमीटरला वीस पैसे. शोरूमवाला खरा ठरला, उलट थोडा जास्तच सांगत होता. पेट्रोलची स्कूटर लिटरला 45 देते आणि लिटर शंभराच्या वर आहे, म्हणजे किलोमीटरला सव्वादोन रुपये. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

आता त्याच घरात कार आणू. महिन्याला 1,000 किलोमीटर. युनिटला सात किलोमीटर धरले आणि 12 टक्के गळती, तर 160 युनिट. घराचे 85 मिळवून 245 झाले, 200 ची रेघ पार. आता पूर्ण 245 युनिटांचे 1,715 रुपये, वर तीन किलोवॅटच्या मंजूर लोडवर 2025-26 च्या दराने किलोवॅटला 145 प्रमाणे स्थिर आकार 435. एकूण 2,150. गाडी यायच्या आधी बिल शून्य होतं, तेव्हा हे सगळे पैसे गाडीच्याच नावावर. किलोमीटरला सव्वादोन रुपयांच्या जवळ. नुसत्या 160 युनिटांना सातने गुणून ज्याने 1,120 धरले होते, त्याच्या घरात पहिल्या महिन्यात वादावादी ठरलेली. 'एक रुपयात पळते म्हणालास ना?'

पेट्रोल कारच्या सहा-साडेसहा रुपयांपुढे सव्वादोन अजूनही स्वस्तच. पण दुप्पट फरक आहे, आणि तो टाळता येतो. याच घराला कारसाठी 115 युनिट मोकळे आहेत, म्हणजे महिन्याला 700 किलोमीटरपर्यंत. तेवढ्यात राहिलं तर बिल 735 च्या आसपास, किलोमीटरला एक रुपया. उद्यमबागेत किंवा मच्छेत कारखान्याच्या पार्किंगमध्ये सॉकेट मिळत असेल तर आठवड्यातून दोनदा तिथे लावा आणि घरचं मीटर 200 च्या आत ठेवा. बिलाच्या महिन्याच्या 20-22 व्या दिवशी मीटरवरचा आकडा बघायची सवय लावून घ्या. मीटर रीडर येतो त्या तारखेपासून महिना मोजायचा, एक तारखेपासून नाही.

हे जमणार नसेल तर दुसरा रस्ता म्हणजे ईव्हीसाठी वेगळं कनेक्शन. केंद्राने 2024 मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली, त्यानुसार ईव्ही चार्जिंगसाठी स्वतंत्र कनेक्शन मागता येतं. नव्या कनेक्शनची मुदत नगरपालिका हद्दीत 7 दिवस आणि खेड्यात 15 दिवस आहे. कागदावर तरी. कर्नाटकात ईव्ही चार्जिंगचा दरगट वेगळा आहे. हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसात अर्ज देताना 'ईव्हीसाठी' असं लिहून द्या, नाहीतर घरगुती दुसरं मीटर म्हणून फाईल फिरत राहील. नव्या मीटरला गृहज्योती नाही आणि स्थिर आकार वेगळा लागतो. माझ्या मते, महिन्याला हजार-बाराशे किलोमीटरच्या वर कार चालणार असेल तरच या भानगडीत पडा. स्कूटरसाठी तर अजिबात नको.

भाड्याने राहत असाल तर गाडी बुक करण्याआधी घरमालकाशी बोला. बिल शून्याचं दोनशे झालं तर चालेल म्हणतात, दोन हजार झालं तर नाही म्हणतात.

पायरी 2 : वायरमनला गाडीच्या आधी बोलवा

स्कूटरचा चार्जर 650 ते 1,000 वॅटचा असतो, मिक्सर किंवा इस्त्रीएवढा. नीट 15 अँपिअरचं सॉकेट आणि नीट अर्थिंग असलं की झालं. कारचा साधा चार्जर 3.3 किलोवॅट ओढतो, तोही सलग सात-आठ तास. गिझर दहा मिनिटांत बंद होतो म्हणून जुनी वायर तग धरते. कार रात्रभर ओढत राहते. भिंतीवर बसवायचा 7.2 किलोवॅटचा चार्जर म्हणजे 32 अँपिअर, त्याला घरचं मंजूर लोड एक-दोन किलोवॅट असेल तर वाढवून घ्यावंच लागतं. लोड वाढलं की स्थिर आकारही वाढतो. बहुतेक घरांना 3.3 किलोवॅट पुरतो. रात्री दहाला लावली, सकाळी सहाला काढली, तर 25 युनिट आत जातात, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटर. रोज इतकं फिरणारा माणूस बेळगावात मला तरी माहीत नाही.

वायरमनला ही यादी द्या: मीटरपासून थेट वेगळी लाईन, 15-16 अँपिअरसाठी 4 चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, 32 साठी 6 ची, स्वतंत्र एमसीबी (जादा करंट आला की पडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला, शॉक बसला की लाईन तोडणारा स्विच), आणि चांगल्या कंपनीचं औद्योगिक सॉकेट. 'साहेब, अडीचची वायर पण चालते' असं तो म्हणेल. चालत नाही. एक्स्टेंशन बोर्डावर कार लावणं तर सोडूनच द्या. पिन आधी पिवळी पडते, मग वितळते.

अर्थिंगवर जरा थांबतो, कारण खानापूर तालुक्यात आणि बेळगावच्या पश्चिमेला नव्या ईव्हीवाल्यांची पहिली तक्रार हीच असते: गाडी लावली, चार्जरवर लाल दिवा, चार्जिंग सुरूच होत नाही. गाडी बिघडलेली नसते. चार्जर आधी अर्थ तपासतो, तो मिळाला नाही की करंट घेतच नाही. आपल्याकडे जांभ्याची जमीन. पावसाळ्यात ओल असते तोवर ठीक. मार्च-एप्रिलमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं.

बघायची रीत सोपी आहे. वायरमन होल्डरला शंभर वॅटचा जुना बल्ब लावतो, एक टोक फेजला आणि दुसरं अर्थच्या भोकात. बल्ब लख्ख पेटला तर अर्थ आहे. मिणमिणला तर खड्डा मेला. मग मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज बघायचा. दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक, दहा-पंधरा दिसला तर चार्जर कुरकुर करणार. ही तपासणी वायरमननेच करावी, घरच्या हौशी इंजिनिअरने नाही. उपाय म्हणजे नवा खड्डा, तांब्याची किंवा रासायनिक अर्थिंगची कांब, आणि उन्हाळ्यात आठवड्याला घागरभर पाणी. ते पाणी घालायचं काम घरातल्या एकाच माणसाच्या नावावर लावा, नाहीतर कोणीच घालत नाही.

खेड्यात आणखी एक अडचण म्हणजे व्होल्टेज. संध्याकाळी सात ते दहा सगळे दिवे, टीव्ही, मोटरी चालू असतात आणि व्होल्टेज 180 च्या खाली येतो. काही चार्जर तेवढ्यावर बंद पडतात, काही रडतखडत चालतात. गाडीच्या ॲपमध्ये वेळ लावायची सोय असते. रात्री अकरानंतरची लावा.

शेतात घर असणाऱ्यांना एक सांगतो. कर्नाटकात 10 अश्वशक्तीपर्यंतच्या शेतपंपाची वीज मोफत आहे, म्हणून पंपाच्या खोलीतून स्कूटरला वायर ओढायचा मोह होतो. करू नका. ज्या कामासाठी कनेक्शन दिलं ते सोडून दुसऱ्या कामाला वापरणं वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली येतं आणि आकारणी दुप्पट दराने होते. शिवाय ती लाईन दिवसातले काही तासच थ्री फेज असते.

पायरी 3 : बुकिंगआधी गाडीचं सॉकेट बघा

फीचर, सनरूफ, स्क्रीन सगळं नंतर. कारला सीसीएस-2 (फास्ट चार्जर जोडायच्या सॉकेटचा एक प्रकार) चं फास्ट चार्जिंग आहे की नाही हे आधी विचारा. आज हायवेवरचे जवळपास सगळे फास्ट चार्जर याच प्रकारचे आहेत. टियागो, पंच, नेक्सॉन, एक्सयूव्ही 400, विंडसर यांना ते आहे. कॉमेटसारख्या छोट्या शहरी गाडीला नाही. ती एसीवर, म्हणजे घरच्यासारख्या साध्या करंटवरच चार्ज होते. टिळकवाडी ते कॅम्प फिरायला झकास गाडी आहे, पण तिला घेऊन ज्योतिबाला निघू नका.

सरकारी आवारात काही ठिकाणी जुने भारत डीसी-001 प्रकारचे चार्जर दिसतात, 15 किलोवॅटचे. त्यांची गन, म्हणजे गाडीत लावायचं वायरीचं टोक, आजच्या कारला बसत नाही. ॲपवर 'उपलब्ध' असा हिरवा ठिपका दिसला म्हणून तिकडे गाडी वळवू नका. आधी गनचा प्रकार वाचा.

स्कूटरचा मामला वेगळाच. एथर आणि हिरोची विडा एकाच प्रकारच्या फास्ट चार्जरवर चालतात. त्या कनेक्टरला 2023 मध्ये भारतीय मानक ब्युरोची मान्यता मिळाली. ओलाचं स्वतःचं वेगळं. बाकी बहुतेक स्कूटर फक्त घरच्या चार्जरवर. त्यामुळे बेळगावहून स्कूटरने कोल्हापूर गाठायचा विचार असेल तर कंपनीचा फास्ट चार्जर वाटेत कुठे आहे ते बघूनच स्कूटर निवडा. नसेल विचार, तर या गोष्टीला काडीचंही महत्त्व देऊ नका.

खडेबाजार, शहापूर, वडगावच्या जुन्या गल्ल्यांत घर असेल आणि गाडी रस्त्यावरच उभी राहत असेल तर काढता येणारी बॅटरी असलेली स्कूटर घ्या, विडाला ती सोय आहे. बॅटरी वर घरात नेऊन लावता येते. पहिल्या मजल्यावरून गल्लीत वायर सोडलेली मी रोज बघतो. पावसात त्या वायरीखालून शाळेची पोरं जातात. अपार्टमेंटमध्ये मात्र सोपं आहे, कारण मीटर बहुतेक तळमजल्यावर, पार्किंगच्या शेजारीच असतात. तुमच्या मीटरपासून तुमच्या जागेपर्यंत पाइपातून लाईन ओढली की काम झालं. सोसायटीची लेखी परवानगी मात्र आधी घ्या, नंतर चेअरमन बदलतात.

पायरी 4 : ॲप घरी बसून तयार ठेवा

प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं आणि प्रत्येकाचं वॉलेट वेगळं, हा या धंद्यातला सगळ्यात वैतागवाणा भाग. टाटा पॉवर, स्टॅटिक, चार्जझोन, जिओ-बीपी, तेल कंपन्यांची आपापली ॲप, आणि कर्नाटक सरकारच्या बाजूने बेस्कॉमचं (बंगळूरची सरकारी वीज कंपनी) ईव्ही मित्र. सगळी घेऊ नका. तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर कोणाचे चार्जर आहेत ते प्लगशेअरवर (सगळ्या कंपन्यांचे चार्जर नकाशावर दाखवणारं ॲप) बघा, त्यातली दोन-तीन ॲप उतरवा, नोंदणी करा, ओटीपी वगैरे घरीच उरका आणि प्रत्येकात दोन-तीनशे रुपये टाका. जास्त नको; उरलेले परत मिळवताना दमछाक होते.

दर साधारण युनिटला 15 ते 25 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी, आणि पुष्कळ ॲपवर तो मोठ्या आकड्यात धरलेला नसतो. 'चार्जिंग म्हणजे वीजविक्री, मग तिच्यावर जीएसटी कसा' हा प्रश्न आपल्याच राज्यात उठला होता. म्हैसूरच्या चामुंडेश्वरी वीज कंपनीने विचारणा केली, आणि 2023 मध्ये कर्नाटकच्या जीएसटी प्राधिकरणाने निर्णय दिला की ही सेवा आहे, 18 टक्के लागणार. तेव्हा 22 रुपये दिसले तर 26 धरा.

26 रुपयांचं युनिट, हायवेच्या वेगाला युनिटमागे सहा किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला चार रुपये तीस-पस्तीस पैसे. डिझेलची बरी गाडीही पाचाच्या आत-बाहेर पडते. फास्ट चार्जरवर चाललेली कार डिझेलच्या जवळ जाऊन बसते, हे कोणी शोरूममध्ये सांगत नाही. म्हणून ज्याच्या घरी किंवा कामाच्या जागी चार्जिंगची सोय नाही त्याने कार घेऊ नये, निदान आत्ता तरी. सोय असेल आणि महिन्यातून एखादी लांबची फेरी असेल, तर या चार रुपयांनी काही बिघडत नाही.

दिवसाचा दर काही ठिकाणी कमी असतो. केंद्राच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत चार्जिंग केंद्राला मिळणारी वीज सकाळी 9 ते दुपारी 4 या सौर तासांत स्वस्त आणि बाकी वेळी महाग ठेवायला सांगितलं आहे. चार्जरवाले हा फायदा गिऱ्हाइकापर्यंत पोचवतातच असं नाही. ॲपवर वेळेनुसार दर बदलताना दिसला तर जेवणाची वेळ चार्जिंगला जोडा.

पायरी 5 : पहिलं फास्ट चार्जिंग गरज नसताना करा

बॅटरी 60 टक्के असताना, रविवारी सकाळी, शहरातल्याच चार्जरवर जा. पहिल्यांदा हे सगळं 8 टक्क्यांवर, अंधारात, मागे पोरं रडत असताना शिकायला लागू नये.

गाडी बंद करून गिअर पार्कवर टाका. गन सॉकेटमध्ये पूर्ण दाबा. सीसीएसची गन जड असते, अर्धवट बसली की मशीन 'गाडी सापडत नाही' असं दाखवतं. एका हाताने खालून आधार द्या, 'टक्' आवाज यायला हवा. मग ॲपवरून मशीनचा क्यूआर कोड वाचा, त्यात गन 1 की गन 2 ते नीट निवडा. दुसऱ्याच्या गाडीला चार्जिंग सुरू करून बसलेले लोक मी पाहिलेत. तीस-चाळीस सेकंद मशीन आणि गाडीचं बोलणं चालतं, आतून कॉन्टॅक्टर (मोठा आपोआप लागणारा स्विच) पडल्याचा आवाज येतो, आणि पडद्यावर किलोवॅट दिसू लागतात. तो आकडा बघा. 60 किलोवॅटच्या मशीनवर दोन गाड्या लागल्या तर पुष्कळदा 30-30 वाटून मिळतात. शेजारी गाडी असेल तर तुमचा वेळ दीडपट-दुप्पट धरा.

80 टक्क्यांनंतर वेग पडतो. 20 ते 80 ला जेवढा वेळ लागतो जवळपास तेवढाच पुढच्या 20 टक्क्यांना लागू शकतो. मागे कोणी थांबलं असेल तर 80 ला गन काढा. चार्जिंग आधी ॲपवरून थांबवा, गाडी अनलॉक करा, मग गन ओढा. लॉक असताना जोर लावून उपयोग नाही.

मशीन बंद असणं ही नेहमीची गोष्ट समजा. निघण्यापूर्वी ॲपवर त्या चार्जरवर शेवटचं चार्जिंग कधी झालं ते बघा. कालचं असेल तर जा. दहा दिवसांपूर्वीचं असेल तर तिथल्या पंपावर किंवा हॉटेलात फोन करा आणि 'मशीन चालू आहे का' असं न विचारता 'आज कोणी गाडी लावली का' असं विचारा. पहिल्या प्रश्नाला सगळे 'हो' म्हणतात.

पायरी 6 : रस्ता निवडा, मग टक्के मोजा

उत्तरेला कोल्हापूर सुमारे 110 किलोमीटर, दक्षिणेला धारवाड 75-80. दोन्हीकडे महामार्ग 48, चार्जरची त्यातल्या त्यात चांगली सोय. वंटमुरीचा घाट आणि निपाणीजवळचा तवंदी घाट बॅटरीचे एक-दोन टक्के इकडेतिकडे करतात, त्यांची काळजी नको. काळजी वेगाची. 80-90 ला जी गाडी युनिटमागे सात किलोमीटर देते ती 110 ला साडेपाचवर येते. चार्जर दुभाजकाच्या कोणत्या बाजूला आहे हेही नकाशा मोठा करून बघा. ॲप म्हणतं पाचशे मीटर, आणि यू-टर्न सापडतो चार किलोमीटर पुढे. निपाणी ओलांडून कोगनोळीपुढे गेलात की महाराष्ट्र. ॲप तीच चालतात, दर मात्र पुन्हा बघून घ्या.

पश्चिमेचा हिशेब निराळा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, पणजी समुद्राला टेकलेली. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत सुमारे 120 किलोमीटर. माणसांसकट दीड टनाची कार साडेसातशे मीटर वर चढवायला नुसत्या उंचीचेच तीन युनिट लागतात, गळती धरून साडेतीन. म्हणजे परतताना सपाटीवरचे 25 किलोमीटर घाट खाऊन टाकतो. जाताना उतारावर काही भाग ब्रेकिंगमधून परत मिळतो, सगळा नाही. 17-18 युनिटांची बॅटरी असलेल्या गाडीने पणजीला उतरून जाल, चढून परत येणार नाही. 24-25 युनिटवाल्या गाडीने पणजी किंवा म्हापशातून पूर्ण भरून निघायचं. डिचोली-साखळी सोडल्यानंतर चार्जर मिळेल या भरवशावर राहू नका, आणि घाटात मोबाईलची रेंजही धड नसते. अनमोड आणि आंबोलीच्या रस्त्यांनाही हाच नियम: खालून निघताना भरून निघा.

कणकुंबीच्या बाजूला घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर तिथून 100 टक्के भरून उतरू नका. भरलेल्या बॅटरीत उताराची वीज जात नाही, गाडीचं आपोआप ब्रेक लागणं बंद पडतं आणि सगळा भार पायाखालच्या ब्रेकवर येतो. 90 ला थांबवा.

पूर्वेला गोकाक, रायबाग, अथणी, सौंदत्ती. इथे चार्जर विरळ, पण अंतरंही फार नाहीत आणि जमीन बरीचशी सपाट. यल्लम्माला जाऊन येणं 35 युनिटांच्या बॅटरीला एका चार्जिंगमध्ये सहज जमतं. जत्रेच्या दिवसांत नको, तासन् तास गाड्यांच्या रांगेत एसी लावून बसावं लागतं.

पावसाळा, आणि ढाबेवाल्यांसाठी चार ओळी

जून ते सप्टेंबर खानापूरच्या पश्चिमेकडे झाड पडलं, खांब वाकला की लाईट एक-दोन दिवस जाते. त्या महिन्यांत गाडी 50 टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका, आणि कडाडत असेल तेव्हा चार्जर भिंतीतून काढून ठेवा. पावसात चार्जिंग करायला गाडी घाबरत नाही. घाबरतं ते उघड्यावरचं सॉकेट. त्याला झाकणवाली पेटी बसवा.

हायवेवर किंवा जांबोटी रस्त्याला खानावळ, ढाबा, रिसॉर्ट असेल तर दोन 15 अँपिअरची सॉकेट बाहेर काढून ठेवा. ईव्ही चार्ज करून देण्याला वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्राने 2018 मध्येच स्पष्ट केलं आहे. स्कूटरवाला तास-दीड तास थांबतो, जेवतो, दोनदा चहा घेतो. त्याने ओढलेल्या एका युनिटाचा खर्च चहाच्या एका कपाएवढा. लाईन मात्र हॉटेलच्या व्यापारी मीटरवरूनच द्या, मागच्या घराच्या नाही. घराच्या मीटरवरून दिली तर गृहज्योती जाईल आणि वर दंडही बसेल. सॉकेटशेजारी स्कूटरला किती, कारला किती ते मराठीत आणि कानडीत लिहून लावा. तोंडी दरावरून दोनदा वाद झाले की लोक यायचे बंद होतात. आणि लाईट गेली, खांब पडला, व्होल्टेज उतरला तर 1912 वर आर. आर. नंबर सांगून तक्रार नोंदवा, तक्रार क्रमांक मागून घ्या. लाइनमनला तोच क्रमांक सांगायचा.